सात बोफोर आणि एक सपात

बोफोर म्हटले की माझ्या वयाच्या माणसाला तोफाच आठवणार. तोफा, दलाली आणि १९८९ची निवडणूक. त्यामुळे ग्रीसमधल्या पारोस बेटावरच्या तिकीटखिडकीतली मुलगी मान हलवत “एप्ता बोफोर” म्हणाली, तेव्हा इथेही काही घोटाळा झालाय की काय, असे क्षणभर वाटले. लेकीने उलगडा केला. बोफोर म्हणजे वारा मोजायचे माप, शून्य ते बारा. आज सात. सात म्हणजे छत्री उघडायच्या भानगडीत पडू नये. उन्हाळाभर उत्तरेकडून सुटणारा हा वारा, त्याला मेल्तेमी म्हणतात. आणि त्याच्या कृपेने पारिकिया बंदरातून समोरच्या अँटिपारोस बेटाला जाणारी आमची छोटी लाँच रद्द.

लेक वैतागली. जर्मनीत राहून राहून तिला आता वेळापत्रक म्हणजे वेदवाक्य वाटते. मी मात्र निवांत, कारण मी दिवाडीची, म्हणजे गोव्यातल्या मांडवी नदीतल्या बेटावरची. चोवीस वर्षे मी पिएदादच्या धक्क्यावरून फेरीबोट धरून जुने गोवे, तिथून बस आणि मग पणजीतले ऑफिस, अशी नोकरी केली आहे. हिवाळ्यातल्या सकाळी धुके पडले की फेरी सुटत नाही. एकदा भर मांडवीत इंजिन बंद पडले आणि आम्ही ओहोटीबरोबर रायबंदरच्या दिशेला निघालो. शेजारणीच्या पिशवीतल्या बांगडे मासळीचा बर्फ वितळून माझ्या चपलेवर ठिबकत होता आणि ती मला सुनेच्या तक्रारी सांगत होती. दुसरी फेरी येऊन ओढून नेईपर्यंत तक्रारी संपल्या नव्हत्या.

तर मी लेकीला म्हटले, “अगं, इथे राहणारी माणसं कशी जातात ते विचार.”

ती जातात पुंताहून. पारिकियाहून बसने थोडे दक्षिणेला गेले की पुंता नावाचा धक्का लागतो. दोन बेटांमधली खाडी तिथे सगळ्यात अरुंद आहे आणि गाड्या नेणारी फेरी दिवसभर येरझारा घालते. वारा त्या चिंचोळ्या पट्ट्यातून असा घुसतो की पतंगाला बांधून पाण्यावर घसरणाऱ्या पोरांची जत्राच भरलेली असते. त्यांना सात बोफोर म्हणजे सणच.

आणि मग ती फेरी दिसली. मी हसायलाच लागले. ग्रीसची जहाजे म्हणजे पांढरीशुभ्र, सात मजली, आत लिफ्ट आणि कॉफीची दुकाने. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून पारोसला आम्ही तशाच एका जहाजातून आलो होतो. ही मात्र आमचीच! सपाट पोट, उघडा डेक, पुढे लोखंडी फळी. सिमेंटच्या उतारावर ती फळी घासली, तो खर्रकन आवाजसुद्धा तोच. ग्रीक लोक असल्या बोटीला ‘पांतोफ्ला’ म्हणतात, म्हणजे घरात घालायची सपात. ती पुढून सपाट, उघडी, पाय सरकवावा तशी. आम्ही इतकी वर्षे सपातीतून ऑफिसला जात होतो आणि कुणाला हे नाव सुचले नाही.

डेकवर सगळे पर्यटक कठड्याला टेकून फोटो काढत होते. मी सुकाणूवाल्याची केबिन दिसेल अशा बेताने उभी राहिले. मला त्याचे काम बघायचे होते. अँटिपारोसचा धक्का समोर, पश्चिमेला. वारा उजवीकडून, उत्तरेचा. आणि बोटीचे नाक धक्क्याकडे नाहीच! नाक त्याने उजवीकडे, वाऱ्यावर धरलेले. लेक म्हणाली, “आई, हा भलतीकडेच चाललाय.” मी म्हटले, थांब. श्रावणात मांडवीला लाल पाणी येते ना, तेव्हा आमच्या फेरीचा सुकाणूवालाही जुने गोव्याच्या धक्क्यावर नेम धरत नाही. तो नाक प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो आणि नदीला तिचे काम करू देतो. नदी त्याला ढकलत ढकलत बरोबर धक्क्यावर आणून सोडते. इथे ते काम वारा करत होता. शेवटच्या पन्नास हातांवर त्याने नाक फिरवले, फळी उताराला टेकली आणि इंजिन चालूच ठेवून बोट धक्क्यावर रेटून धरली. सगळे तसेच. दोरखंड बांधायची भानगड नाही.

फळी टेकायच्या आधीच चार बायका पुढे जाऊन उभ्या होत्या. हातात पिशव्या, एकीकडे पावांची लांबट पुडी, समुद्राकडे पाठ. त्या तिथल्याच, हे सांगायला कुणी नको होते. मीही जाऊन त्यांच्यात उभी राहिले. एकीने माझ्याकडे बघितले, माझी पिशवी बघितली आणि सरकून जागा दिली.

त्या खाडीत सालियागोस नावाचा एक चिमुकला खडक आहे. १९६४-६५ साली तिथे खोदकाम झाले आणि हजारो वर्षांपूर्वीची नवाश्मयुगीन वस्ती सापडली. तेव्हा पाणी खाली होते आणि ही दोन्ही बेटे जमिनीने जोडलेली होती. म्हणजे एके काळी फेरी लागतच नव्हती. हे वाचून मला उगाच हेवा वाटला.

अँटिपारोसबद्दल फार सांगण्यासारखे नाही. गाव देखणे आहे, पांढऱ्या भिंती आणि बोगनवेल, फोटोत असते तसेच. गुहा प्रसिद्ध आहे, पण चारशेच्या वर पायऱ्या उतरून परत चढायच्या म्हटल्यावर माझ्या गुडघ्यांनी नकार दिला. लेक जाऊन आली. आत १६७३च्या नाताळात एका फ्रेंच राजदूताने मिस, म्हणजे ख्रिस्ती सामुदायिक प्रार्थना, करवली होती म्हणे. माझ्या डोक्यात सनावळ्या आपोआप शेजारी शेजारी बसतात: त्याच्या पाचच वर्षे आधी, १६६८ला, शिवाजी महाराजांनी नार्व्याला सप्तकोटेश्वराचे देऊळ नव्याने बांधायला लावले. तो देव मूळचा आमच्या दिवाडीचा. तोही नदी ओलांडूनच गेला.

परतताना वारा वाढला होता. पाणी उडून डेकवरच्या गाड्यांच्या काचा पांढऱ्या झाल्या. लेकीने माझा हात घट्ट धरला होता. मी तिला आल्याची वडी दिली.

आठवड्याने दाबोळीला उतरून टॅक्सीने जुने गोव्याला आले. व्हाइसरॉयच्या कमानीखालून बॅग ओढत धक्क्यावर पोचले तर फेरी सुटायच्या बेतात. खलाशाने मला बघून हात वर केला, थांबवली.

“बाय, खंय आशिल्ली गो इतले दीस?”

“ग्रीसाक.”

“थंय आसा फेरी?”

“आसा. आमचे सारकीच. पूण थंय चलत वतल्यांकूय तिकीट आसा.”

“फुकट न्हय?” चालत येणाऱ्यालाही तिकीट, हे ऐकून त्याला खरेच वाईट वाटले. मग त्याने माझी बॅग उचलून आत ठेवली आणि फळी वर घेतली.