आमची वाटचाल : आईनं उभं केलेलं मेडिकल

आमच्या चोपड्यातल्या मेडिकलची सुरुवात आईच्या एका नकारातून झाली. तिनं डी. फार्म., म्हणजे फार्मासिस्टची पदविका, केली तेव्हा आमच्या नात्यात मुलीनं डी. एड. करावं, नाहीतर लग्न, एवढीच चाल होती. लग्न होऊन ती इथं आली आणि थोड्याच दिवसांत एका दुकानदाराचा निरोप आला : सर्टिफिकेट आमच्या भिंतीवर लावू द्या, महिन्याचे पैसे घरपोच, तुम्ही यायचीही गरज नाही. नाना, म्हणजे आमचे वडील, झेडपीच्या शाळेत मास्तर, पगार बेताचा. घरच्यांना हे सोयीचं वाटलं. आई म्हणाली, "नाव माझं आणि गोळ्या देणार भलताच? उद्या कोणाच्या लेकराला काही झालं तर?" चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं, हे १९४८ च्या फार्मसी कायद्यात आहेच. पण तिला कायद्याची भीती नव्हती, त्या लेकराची काळजी होती. नव्वदीच्या सुरुवातीला तिनं दागिने मोडले, बसस्टँडकडच्या रस्त्याला छोटा गाळा घेतला आणि स्वतःच्या नावावर लायसन्स काढलं.

पहिली वर्षं कठीण गेली. घाऊक औषधं पुरवणारे स्टॉकिस्ट नवख्या बाईला उधार माल देत नसत. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी विचारायचं, "मालक कुठे गेले?" ती शांतपणे सांगायची, "मीच आहे, बोला."

हळूहळू लोक तिच्याकडे येऊ लागले ते तिच्या सांगण्यामुळे. बाजाराच्या दिवशी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून पावरा आदिवासी बाया, म्हातारी माणसं यायची. बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं. आई पाकिटावर पेनानं उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढायची, शेजारी जेवणाचं ताट. ताटाच्या आधी गोळी की नंतर, ते बाणानं दाखवायची. "आक्का, हाई गोयी कव्हय खावानी?" (ही गोळी कधी खायची?) असं कोणी विचारलं, की मागे रांग असली तरी पुन्हा समजावून सांगायची. ती स्वतः अहिराणीतच बोलायची, म्हणून माणसं मोकळेपणानं विचारायची.

पावसाळ्यात जुलाबाची लेकरं येत. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट लोक थोडं थोडं पेल्यात टाकून पाजायचे. त्यानं मिठासाखरेचं प्रमाण बिघडतं, कधी मूल जास्त आजारी पडतं. म्हणून काउंटरवर तिनं लिटरचं माप ठेवलं होतं. अख्खं पाकीट, उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, चोवीस तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या. झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस. हे ती इतक्या वेळा बोलली, की आम्हा भावंडांना पाढ्यांआधी पाठ झालं.

कारण आमचं लहानपण त्या दुकानातच गेलं. शाळा सुटली की मागच्या खोलीत सलाइनच्या खोक्यांवर दप्तर, तिथंच अभ्यास. आमचा डबा कधी चुकला नाही. पहाटे उठून कळण्याची भाकरी थापून मगच ती शटर उघडायची. दहावीला मला टायफॉइड झाला तेव्हा रात्रभर उशाशी बसली आणि सकाळी दुकानातही उभी राहिली. मी फार्मसीला जावं असं ती एकदाही म्हणाली नाही. तिला पाहतच मी ठरवलं.

लोडशेडिंगच्या काळात, आमच्याकडच्या त्या उन्हाळ्यात, इन्सुलिन सांभाळणं हीच मोठी परीक्षा होती. न उघडलेली बाटली दोन ते आठ अंशांत राहायला हवी. घरी कूलर घ्यायचा ठरला होता, त्या पैशांतून तिनं दुकानाच्या फ्रिजला इन्व्हर्टर घेतला. ज्यांच्या घरी फ्रिज नाही त्यांना ती चालू बाटली घट्ट डबीत घालून मातीच्या माठात ठेवायला सांगायची. बर्फाला मात्र टेकू द्यायची नाही, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक ती देत नसे. दोन गोळ्यांनी ताप उतरला की लोक उरलेला कोर्स सोडतात, याची तिला फार चिंता वाटे. गिऱ्हाईक रागावून समोरच्या दुकानात जायचं आणि महिन्याचा हिशोब जुळवताना ते जाणवायचं. २०१४ च्या मार्चमध्ये औषधविक्रीच्या नियमांतलं शेड्यूल एच-१ लागू झालं. टीबीची औषधं आणि कित्येक अँटिबायोटिक्स यांची वेगळी नोंद ठेवणं बंधनकारक झालं. आमच्याकडे तशी वही कधीचीच होती, पेशंटच्या नावानिशी. टीबीचा पेशंट ठरल्या तारखेला आला नाही, तर ती त्याच्या गावच्या एसटीत ओळखीच्या माणसाबरोबर निरोप धाडायची.

कापसाच्या फवारणीच्या दिवसांत कोणाला चक्कर, उलट्या झाल्या की ती औषध विकायला बसत नसे. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, लगेच सरकारी दवाखाना गाठा आणि कीटकनाशकाचा डबा सोबत न्या, त्यावरचं नाव डॉक्टरांना लागतं.

गेल्या वर्षी आई गेली. दुकान बंद असतानाही दारात माणसं उभी होती, त्यातल्या अनेकांना मी नावानं ओळखतही नव्हते.

आता काउंटरवर मी असते, खरेदी आणि हिशोब भाऊ पाहतो. बिलं संगणकावर निघतात, पण पाकिटावर सूर्य-चंद्र अजून पेनानंच काढतो. मी नसेन त्या वेळेसाठी यंदा दुसरी फार्मासिस्ट नेमली, इथल्याच एका शेतकऱ्याची मुलगी. येताना जुनी चिठ्ठी आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत आणा. कोणती कशाबरोबर घ्यायची नाही, ते आम्ही बसून पाहून देतो. त्याचे पैसे लागत नाहीत.