विंडोज सुटलं, जुन्या मराठी फायली सुटेनात

विंडोज सोडून लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर जाताना काय काय अडेल याच्या याद्या भरपूर वाचायला मिळतात. वायफाय, प्रिंटर, गेम, झालंच तर फोटोशॉप. मला यातलं काहीच अडलं नाही. अडलं ते गेल्या पंधरा-वीस वर्षांच्या मराठी फायलींपाशी: सोसायटीचे ठराव, भाडेकराराचे मसुदे, वडिलांचं मृत्युपत्र, लग्नपत्रिकांचा मजकूर. सगळं कृतिदेव, श्रीलिपी आणि शिवाजी या जुन्या फॉन्टांत. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, विंडोज २००० मध्येही तिची सोय होती. तरी आजही एखादं कार्यालय कृतिदेवमधला कोरा नमुना ईमेलने पाठवतं आणि 'त्याच फॉन्टमध्ये भरून पाठवा' म्हणतं, तेव्हा डोकं फिरतं.

आधी सोपा भाग उरकतो. संगणक २०१६ चा, सहाव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, म्हणजे आमचा बाद. लिनक्स मिंट २२ ची सिनॅमन आवृत्ती घेतली, कारण तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, रुफस या प्रोग्रॅमने त्यावर मिंटची आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल), बूट मेनूतून पेन ड्राइव्ह निवडायचा. न बसवता आधी नुसतं चालवून बघता येतं, तेव्हाच वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासून घ्यायचे. वायफाय दिसलं नाही तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग (मोबाइलचं नेट संगणकाला देणं) सुरू करा; तेवढ्या नेटवर ड्रायव्हर उतरवता येतो.

विंडोज शेजारी ठेवणार असाल तर दोन गोष्टी आधी करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. आणि फास्ट स्टार्टअप बंद करा. तो चालू असला की 'शट डाऊन' केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्समधून त्याची ड्राइव्ह फक्त वाचता येते, तिच्यावर काही लिहिता येत नाही.

आता मुख्य गोष्ट.

जुनी वर्डची फाइल लिब्रेऑफिसमध्ये (वर्डच्या जागी वापरायचं मोफत ऑफिस) उघडली, की 'महाराष्ट्र'च्या जागी ई, जी, के, जे, के अशी इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. फाइल बिघडलेली नसते. मुळात त्या फाइलीत देवनागरी नव्हतीच. इंग्रजी अक्षरंच होती आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचं चित्र चढवत होता. फॉन्ट गेला, चित्र गेलं. वर फॉन्टच्या नावाच्या चौकटीत नाव तिरप्या अक्षरांत दिसलं, की समजायचं हा फॉन्ट संगणकावर नाही. ते नाव आकड्यासकट टिपून ठेवा, कारण प्रत्येक फॉन्टघराण्याचा नकाशा वेगळा असतो. कृतिदेवचा कन्व्हर्टर (जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम) श्रीलिपीच्या फाइलीवर चालवला तर निघणारा मजकूर दोन्हीपैकी कुणाचाच नसतो.

पहिला उपाय फक्त बघण्यापुरता. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून त्या फॉन्टच्या फायली पेन ड्राइव्हवर घ्या (फॉन्ट विकतचा असेल तर परवान्यात बसतं का ते बघून). लिनक्समध्ये होम फोल्डरमध्ये कंट्रोल-एच दाबलं की लपलेली फोल्डरं दिसतात. टिंबाने सुरू होणारं 'फॉन्ट्स' नावाचं फोल्डर नसेल तर करा, त्यात फॉन्ट टाका, लिब्रेऑफिस बंद करून पुन्हा उघडा. बहुतेक फायली लगेच वाचता येतात.

पण अशा फाइलीत दुरुस्ती करायला गेलात की लिब्रेऑफिसचा ऑटोकरेक्ट घात करतो. वाक्याचं पहिलं अक्षर तो आपणहून कॅपिटल करतो. कृतिदेवमध्ये छोटा डी म्हणजे क आणि कॅपिटल डी म्हणजे अर्धा क, त्यामुळे वाक्याच्या सुरुवातीचा क लंगडा होतो. सरळ अवतरणचिन्हाची कळ म्हणजे अर्धा ष. ऑटोकरेक्ट तिचं वळणदार चिन्ह करतो आणि 'राष्ट्र'मधला ष बिघडतो. वर्डमध्ये या दोन्ही गोष्टी कुणीतरी कधीकाळी बंद करून दिलेल्या असतात, इथे त्या पुन्हा बंद कराव्या लागतात. टूल्समध्ये ऑटोकरेक्ट पर्याय, तिथल्या दोन्ही खुणा काढा.

कायमचा उपाय युनिकोडमध्ये रूपांतर, आणि खरा वेळ तिथेच जातो. कन्व्हर्टर नेमका कुठे चुकतो हे कळण्यासाठी आतली भानगड माहीत हवी. कृतिदेवमध्ये 'किती' हा शब्द एफ, डी, आर, एच असा साठवलेला असतो: आधी ऱ्हस्व वेलांटी, मग क. दिसतं तसं टंकलेलं. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. 'स्थिती'त तर वेलांटीला अर्धा स आणि थ अशी दोन अक्षरं ओलांडून मागे जावं लागतं. रफाराचं उलट: 'कर्म'मध्ये रफार म च्या नंतर साठवलेला असतो, युनिकोडमध्ये र् हा म च्या आधी येतो. शिवाय छोट्या के ची कळ काना म्हणूनही वापरतात आणि थ, ध यांचा उभा दांडा म्हणूनही. म्हणजे आधी सगळ्या के चे काने केले तर प्रत्येक थ मोडतो. लांब जोड्या आधी आणि सुटी अक्षरं शेवटी बदलावी लागतात. 'फाइंड-रिप्लेसने स्वतःच करतो' असं ज्यांना वाटतं त्यांनी इथेच थांबावं. तयार कन्व्हर्टर वापरा.

ब्राउझरमध्ये चालणारे बरेच कन्व्हर्टर आहेत. मृत्युपत्र किंवा मिळकतीचे कागद असतील तर एक चाचणी करा: पान उघडल्यावर नेट बंद करा, मग एक बिनमहत्त्वाचा परिच्छेद टाकून बघा. नेटशिवाय रूपांतर झालं तर काम तुमच्याच संगणकावर होतंय. अडलं तर मजकूर दुसरीकडे जातोय. खासगी कागद तिथे टाकू नका.

पूर्ण फाइल एकदम उचलून कन्व्हर्टरमध्ये ओतू नका. मधले इंग्रजी शब्द, ईमेल पत्ते, पॅन क्रमांक, सगळ्याची देवनागरी करून तो परत देईल. लिब्रेऑफिसच्या शोधण्याच्या खिडकीत 'फॉरमॅट' बटणातून ठरावीक फॉन्ट देऊन फक्त त्या फॉन्टमधला मजकूर निवडता येतो. तक्ते असतील तर एकेक खाना करावा लागतो. कंटाळवाणं आहे, पण ताळेबंदाचे रकाने विस्कटले तर त्याहून जास्त वेळ जातो.

मजकूर नोटपॅडच्या साध्या फाइलीत असेल तर आणखी एक सापळा आहे. तो यूटीएफ-८ (युनिकोडची साठवायची पद्धत) समजून उघडला तर इंग्रजी अक्षरांपलीकडच्या चिन्हांची प्रश्नचिन्हं किंवा चौकोन होतात, आणि तसंच सेव्ह केलंत तर ती चिन्हं कायमची गेली. उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) निवडायचा पर्याय घ्या आणि विंडोज-१२५२ द्या.

रूपांतर झाल्यावर वाचन करावंच लागतं, आणि मराठीत सगळ्यात आधी बघायचा तो ऱ्य. बरेचसे कन्व्हर्टर हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात आणि हिंदीला हे अक्षर लागत नाही. मग 'लिहून देणाऱ्याने'चं 'लिहून देणार्याने' होतं, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या'. दस्तऐवजात हे शब्द पानोपानी. 'र्य' शोधून सरसकट 'ऱ्य' करू नका. पर्याय, कार्यालय आणि सूर्यकांत यांची वाट लागेल. एकेक बघत जा. त्यानंतर ॲ, ऑ आणि आकडे. रक्कम आणि तारीख मूळ छापील प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ज्या फॉन्टला कन्व्हर्टरच सापडत नाही त्यासाठी एक आडवाट आहे आणि ती अनेकदा कन्व्हर्टरपेक्षा बरी चालते. फाइलीची पीडीएफ करा, ३०० डीपीआयला चित्र करा आणि टेसरॅक्ट या मुक्त ओसीआरला (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला) मराठीचा डेटा देऊन वाचायला लावा. टेसरॅक्ट आणि हा डेटा मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून मिळतात. टेसरॅक्ट माऊसने चालवू देणारं जीइमेजरीडर घेतलं तर टर्मिनल (आज्ञा टंकायची खिडकी) लागत नाही. ठळक, वळणदार लग्नपत्रिकेच्या फॉन्टवर हे गडबडतं. साध्या मजकुराला उत्तम.

म्हणून ज्यांचं विंडोज अजून शाबूत आहे त्यांनी ते पुसण्याआधी प्रत्येक जुन्या मराठी फाइलीची पीडीएफ तिथेच काढून ठेवावी. विंडोज १० मध्ये प्रिंटच्या यादीतच 'प्रिंट टू पीडीएफ' असतं. त्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर पुन्हा इंग्रजी अक्षरंच येतील, पण दिसायला आणि छापायला ती बरोबर असते, आणि वर सांगितलेल्या ओसीआरला तीच लागते. पेजमेकर या छपाईच्या मांडणीच्या जुन्या प्रोग्रॅमच्या फायली लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये उघडतात, मांडणी मात्र हलते. त्यांचीही पीडीएफ आधी.

दुरुस्तीला मराठी कळफलक लागणारच. मिंटमध्ये कीबोर्डच्या लेआऊटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक) मिळतो, पण तिथे एका कळीला एकच अक्षर बसतं, त्यामुळे शिफ्ट-५ चा ज्ञ किंवा शिफ्ट-७ चा क्ष येत नाही. जोडून लिहावा लागतो. सवयीचा पूर्ण इनस्क्रिप्ट हवा असेल तर आयबस आणि आयबस-एम१७एन ही टंकनाची पॅकेजं टाका, लॉगआऊट करून परत या आणि त्यातला मराठी इनस्क्रिप्ट निवडा. इंग्रजी उच्चाराने टंकणाऱ्यांना तिथेच फोनेटिकही सापडेल. ऱ्या साठी इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई.

लिब्रेऑफिसच्या भाषेच्या पर्यायांत कॉम्प्लेक्स टेक्स्ट (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) सुरू करून मराठी भाषा द्या. हिंदी राहिली तर काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. मराठी दिली की त्याच फॉन्टातले आपले ल आणि श येतात.

दोन्ही सिस्टिम ठेवल्यात आणि विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर बॅटरी बदलायला जाऊ नका. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितो, विंडोज तीच स्थानिक समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की दोघांचं जमतं.

आणि तो 'त्याच फॉन्टमध्ये' मागितलेला नमुना? त्याची युनिकोडमध्ये हुबेहूब प्रत केली, भरली, छापली, सही करून खिडकीवर दिली. तिथल्या माणसाने शिक्का मारला आणि कागद फायलीत लावला. फॉन्ट कुणी विचारला नाही.