तांब्याची पट्टी मोडली त्या दिवशी

तांबं मोडत नाही, वाकतं. म्हणून व्हाइसमध्ये धरलेली पट्टी जराशी वाकवताच कडकन तुटली तेव्हा हात तिथेच थांबला.

मी धातू तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो. पट्टीसोबत चिठ्ठी होती, हायड्रोजनच्या भट्टीत ब्रेझिंग (दुसरा धातू वितळवून जोडणं) केल्यावर जोडाजवळ तडे गेलेत, ऑपरेटरची चूक आहे का बघा. म्हणजे उत्तर आधीच ठरवून प्रश्न पाठवलेला. आणि मी फोनवर, काहीही न बघता, बोलून गेलो की जास्त तापवली असेल.

मग नमुना घासायला घेतला. तांबं मऊ, पॉलिश करताना ते लिंपलं जातं आणि बारीक तडे झाकून टाकतं, त्यामुळे घाईत केलेला नमुना आरशासारखा चकाकतो आणि साफ खोटं बोलतो, हे मी नव्या मुलांना सांगून सांगून थकलो. पॉलिश, अमोनिया आणि पेरॉक्साइडचा एच (पृष्ठभाग रसायनाने किंचित खाऊ देणं), परत पॉलिश, परत एच, असं चार वेळा केलं तेव्हा खरं दिसलं. धातू ज्या बारीक कणांचा बनलेला असतो त्यांच्या सीमांवर काळ्या पोकळ्यांच्या माळा, काही जागी त्या जोडून सरळ भेगच झालेली. मग त्याच मालाचा भट्टीत न गेलेला तुकडा पोलराइज्ड प्रकाशात बघितला तर माणकासारखे लाल ठिपके. क्युप्रस ऑक्साइड, तांबं आणि ऑक्सिजनचं संयुग!

म्हणजे माल साधा विद्युत ग्रेडचा, ज्यात साधारण 0.02 ते 0.04 टक्के ऑक्सिजन मुद्दाम ठेवलेला असतो कारण तो अशुद्धींना ऑक्साइडमध्ये बांधून ठेवतो आणि वहन चांगलं राहतं. पूर्वी वितळलेल्या तांब्यात ओले ओंडके खुपसून हाच ऑक्सिजन बरोबर तेवढ्यावर आणायचे, केवढी नजर लागत असेल त्याला. पण हायड्रोजनच्या भट्टीत हे तांबं चालतच नाही. हायड्रोजन गरम तांब्यात सहज शिरतो, ऑक्साइडला भेटला की पाण्याची वाफ होते, आणि वाफेचा रेणू मोठा, त्याला धातूतून बाहेर पडता येत नाही, मग तो आतूनच कण एकमेकांपासून फाडतो. इथे ऑक्सिजनमुक्त तांबंच हवं होतं. ड्रॉइंगवर तेच लिहिलेलं, खरेदीवाल्यांनी बदललं. सर्टिफिकेटवर शुद्धता 99.9 टक्के, वहन ठरलेल्या प्रमाण तांब्याच्या तुलनेत 100 टक्क्यांच्या वर, दोन्ही आकडे खरे, कारण वहन दोन्ही ग्रेडचं जवळपास सारखंच येतं. तांबं ते तांबंच असं म्हणणाऱ्या माणसाने एकदा तरी हा फोटो बघावा असं मला मनापासून वाटतं.

चिठ्ठीच्या मागे ऑपरेटरने भट्टीच्या तापमानाचा चार्ट जोडला होता, घडी घालून. मी तो संध्याकाळी उघडला. रेषा सपाट, मर्यादेच्या बाहेर कुठेच नाही. पहिल्यांदा तोच बघायला हवा होता.

रिपोर्टमध्ये ग्रेड चुकलाय असं स्पष्ट लिहिलं, फोटो लावले, चार्टही लावला. सकाळी लगेच फोन करून सांगितलं की माझं कालचं म्हणणं चुकीचं होतं. समोरचे म्हणाले, त्याला कालच भट्टीवरून काढलाय.