मामांच्या येझदीवरून करूळ घाट

कोल्हापुरातला रंकाळा मागं टाकून फुलेवाडीच्या रस्त्याला लागलो. गाडी मामांची येझदी, चालवायला मामेबहीण आणि मागच्या सीटवर मी. दर राखीपौर्णिमेला मामा याच रस्त्यानं वैभववाडीला माझ्या आईकडं यायचे. यंदा मामा नाहीत, तर ताई म्हणाली, "आत्याकडं मी येते. गाडी घेऊनच येते."

मामांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. दिवसभर फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशिनिंग, आणि संध्याकाळी शटर अर्धं ओढून कुणाची तरी मोटोक्रॉसची, म्हणजे मातीतल्या शर्यतीची, गाडी उघडलेली. शोलावरम, श्रीपेरुंबुदूर ही चेन्नईजवळच्या शर्यतींच्या ट्रॅकची नावं आम्हा भाचरांना शाळेच्या नकाशाआधी त्यांच्या तोंडून कळली. पण पोरांची परीक्षा आणि शर्यत एकाच आठवड्यात आली की शर्यत राहायची, आणि त्याबद्दल त्यांनी घरात कधी चकार शब्द काढला नाही. मला त्यांचं हेच मोठेपण वाटतं.

२०११च्या ऑक्टोबरात ग्रेटर नोएडाला भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तेव्हा मामींनाही घेऊन गेले. जिंकला जर्मनीचा व्हेटेल, पण परत आल्यावर मामा कौतुक करायचे त्याच शर्यतीत उतरलेल्या आपल्या नारायण कार्तिकेयनचं. मामी अजून सांगतात, "एवढ्या लांब शर्यत बघायला गेलो, आणि हे सारखं मलाच विचारायले, कान दुखाय लागलं का म्हणून!" कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीत उतरला तेव्हा वर्कशॉपात पेढे वाटले होते.

बालिंग्याला भोगावती ओलांडली. कळ्यापर्यंत दोन्ही बाजूंना नुसता ऊस. श्रावणातली सर आली, गेली. गगनबावड्याला धुकं इतकं दाट की गगनगड दिसलाच नाही. चहा घेतला आणि करूळचा फाटा धरला.

घाटात ताईचा हात बघत होतो. येझदीसारख्या जुन्या टू-स्ट्रोक गाडीत इंजिनाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून गाडी गिअरमध्ये सोडली, तर इंजिन फिरत राहतं पण पेट्रोल कमी म्हणून तेलही कमी, आणि पिस्टन जाम व्हायची भीती. म्हणून ताई मधूनच क्लच दाबून हलकी रेस देत होती. मामांचीच सवय. शर्यतीच्या गाड्यांत जन्म घालवलेला हा माणूस घरचं कुणी मागं बसलं की वळणावर हॉर्न दिल्याशिवाय पुढं जात नसे. आम्ही पोरं "मामा, पळवा की!" म्हणून ओरडायचो, ते म्हणायचे, "ट्रॅकवर पळवू. हितं तुझी आई वाट बघत्या."

वैभववाडीत पोचलो तर आई दारातच. तिनं आधी ताईला जवळ घेतलं, मग ओल्या येझदीच्या टाकीवरून हात फिरवला आणि विचारलं, "घाटात पळवली नाहीस ना गं?"

"बाबांच्या गाडीवर कोण पळवतंय, आत्या," ताई म्हणाली, आणि स्पॅनर मागून प्लग साफ करायला बसली. संध्याकाळी परत घाट चढायचा होता.