लेपा दिसला, तोही तिसऱ्या दिवशी

लेपा, म्हणजे वाळूत लपणारा चपटा समुद्री मासा, बघायला गेलो आणि पहिले दोन दिवस नुसती वाळू बघून परतलो. पाणी गुडघाभर, डोळ्यांवर मास्क, अंगात उत्साह. चूक इतकीच की मी मासा शोधत होतो. वाळूत बसलेला लेपा मासा म्हणून दिसतच नाही. कडेचे पर फडफडवून तो वाळू उडवतो, ती त्याच्याच पाठीवर बसते, आणि दोन-तीन हिसक्यांत अंगाची कड पुसली जाते. उरतात फक्त टाचणीच्या डोक्याएवढे दोन डोळे, जरासे वर आलेले.

तिसऱ्या दिवशी कंटाळून एका जागी उभा राहिलो. पाचेक मिनिटं हललो नाही. पायापासून हातभर अंतरावर वाळूचा एक तुकडा उठला आणि चालता झाला! मी धुरळा उडाला तिथेच बघत बसलो, ही दुसरी चूक. धुरळा म्हणजे तो निघाला ती जागा. नजर पुढे न्या, थांबतो तिथे एक पातळसा ढग पुन्हा उठतो.

एकदा दिसला की मात्र नजर हटत नाही. हा मासा जन्मतः चपटा नसतो. पिल्लू इतर माशांसारखंच उभं पोहतं, दोन बाजूंना दोन डोळे घेऊन. मग एक डोळा डोकं ओलांडून दुसऱ्या बाजूला सरकतो, कवटीही सोबत वाकते, आणि मासा कायमचा एका कुशीवर पडतो. जिभेसारख्या लांबट लेप्यांचे दोन्ही डोळे डाव्या अंगाला असतात, दुसऱ्या एका कुळात उजव्या. खालची बाजू पांढरट, तिला रंगाची गरजच काय?

वरच्या बाजूचा रंग तो डोळ्यांनी बघून जुळवतो. 1996 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी चपट्या माशांच्याच एका उष्णकटिबंधीय जातीला निरनिराळ्या नक्षीच्या तळांवर ठेवून पाहिलं. 2 ते 8 सेकंदांत तिने तळाशी बऱ्यापैकी मेळ साधला.

जाणार असाल तर अमावस्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस धरा. उधाणाची ओहोटी सगळ्यात खाली जाते. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी उतरा, पाणी वळलं की निघा. वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, कालच्या घड्याळावर जाऊ नका. वारा असेल तर पाणी गढूळ, खेप फुकट. पोलराइज्ड चष्म्याने वरची चकाकी कापली जाते, तो मला मास्कपेक्षा जास्त कामी आला.

आणि पाय उचलून टाकू नका, वाळूतून घासत न्या. त्याच वाळूत पाकटही (स्टिंगरे मासा) पुरून बसलेली असते, तिच्या शेपटीवर विषारी काटा असतो. घासत्या पायाची चाहूल लागली की ती आपणहून सरकते. लागलाच काटा तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि डॉक्टरकडे जा.

लेप्याला उचलून खालची बाजू बघायचा मोह मलाही झाला. नका करू. काही जातींच्या अंगातून विषारी स्राव येतो, आणि हाताळल्याने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो तो वेगळाच.

मी अठरा फोटो काढले. त्यांतल्या चारांत लेपा आहे असं माझं म्हणणं आहे. घरच्यांना तो एकातच सापडला, आणि तोही मी बोट ठेवल्यावर.