वीस अंकी संख्या आणि गाळलेलं शून्य

१८४४६७४४०७३७०९५५१६१५. ही संख्या मला आजही घडाघडा म्हणता येते. ह्याचं श्रेय म्हणा की खापर, आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांचं.

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं चौसष्ट घरं भरली की एकूण इतके दाणे होतात. गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. सरांना दाण्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी फळाभर ती संख्या लिहिली आणि म्हणाले, “पाडा अवयव.” भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ ह्या गणितग्रंथातली स्थानांची नावंसुद्धा अठराव्या घरात, परार्धापाशी संपतात, ही तर एकशे चौऱ्याऐंशी परार्धांच्याही वर!

शेवटी ५, म्हणजे पाचाने भाग जातो. अंकांची बेरीज ८७, म्हणजे तिनाने जातो, नवाने नाही. इथवर वर्ग आरडाओरडा करत आला आणि गप्प झाला. मग सरांनी कोपऱ्यात लिहिलं: दोनचा चौसष्टावा घात, वजा एक. म्हणजे दोन वर्गांची वजाबाकी! आठवीत मार्कांपुरतं घोकलेलं सूत्र. एक कंस बेरजेचा, एक वजाबाकीचा; वजाबाकीचा कंस पुन्हा फोडायचा, पुन्हा, पुन्हा. ६५५३७, २५७, १७, ५, ३ असे एकेक मोकळे झाले.

उरला पहिला बेरजेचा कंस: ४२९४९६७२९७. सतराव्या शतकातल्या फर्मा ह्या फ्रेंच गणितज्ञाला ही मूळसंख्या वाटली होती. १७३२ साली ऑयलर ह्या स्विस गणितज्ञाने तिला ६४१ने भाग जातो हे दाखवलं. सरांनी आम्हाला तो भागाकार हाताने करायला लावला. खरी गंमत तिथेच आहे. ६ येतो, ७ येतो, बाकी फक्त २ उरते. पुढचा ६ खाली घेतला तर २६, भाग जात नाही. ७ घेतला तर २६७, तरी जात नाही. भागाकारात लागोपाठ दोन शून्यं द्यायची. अर्ध्या वर्गाने ती खाल्ली आणि ६७००४१७च्या जागी ६७४१७ लिहून मोकळा झाला. शाळा ग्वाल्हेरची, शिकवणं हिंदीतून चालायचं, पण गाळलेलं शून्य दिसलं की सर थेट मराठीवर यायचे.

त्याच वर्षी किल्ल्यावर सहल गेली. ग्वाल्हेर दरवाजाकडून चढताना एकाच खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर लागतं. त्यातल्या इ. स. ८७६च्या शिलालेखात देवाच्या बागेचं माप आहे, १८७ हात बाय २७० हात, आणि रोजच्या ५० माळा. ती बारीक, वाटोळी शून्यं दाखवत सर म्हणाले, “हा लेख कोरणाऱ्याने तुमच्यासारखं शून्य खाल्लं असतं, तर बाग सत्तावीस हातांची झाली असती आणि देवाला माळा पाच!”

फर्माच्या त्या साच्यातल्या (दोनचा १, २, ४, ८, १६ असा दुप्पट होत जाणारा घात, अधिक एक) मूळसंख्या आजवर पाचच माहीत आहेत: ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही आमच्या त्या फळाभर संख्येत होत्या. सर तेव्हा हे बोलले नाहीत, मी पुढे कॉलेजात वाचलं. ६४१ आणि ६७००४१७ धरून मूळ अवयव सात, सगळे वेगवेगळे, त्यामुळे एकूण विभाजक १२८.

परवा भाच्याने मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोनचा चौसष्टावा घात काढून एक वजा केला. पडद्यावर सुरुवातीचे काही अंक आणि पुढे ‘गुणिले दहाचा एकोणिसावा घात’. शेवटचा ५ गायब. मग पाचाने भाग जातो हे पोराला कळायचं कसं?