मे महिन्यात बंद खिडकी

सोलापुरात मे महिन्यात खिडक्या लावून झोपणारा माणूस एक तर एसीवाला असतो, नाहीतर येडा. आमच्याकडे एसी नाही. पारा 43 वर गेला की पूर्व भागातली आमची अख्खी गल्ली गाद्या घेऊन गच्चीवर जाते. मी मात्र खाली, पंख्याखाली, घामाघूम. कारण गच्चीच्या जिन्यात बल्ब आहे. बल्बभोवती किडे, आणि किड्यांच्या मागावर पाल.

मी 46 वर्षांचा आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशेब बघतो. माझं वजन 84 किलो, पालीचं काही ग्रॅम. हा विनोद मित्रांचा करून झालाय. "काय बे, पालीला घाबरतो?"

लोकांना वाटतं, पाल दिसली की भीती सुरू होते. दिसल्यावरचं सोपं असतं हो. छातीत धडधड, तळहातांना घाम, मी खोलीबाहेर, विषय संपला. दिवस खाऊन टाकते ती न दिसलेली पाल. बाथरूमचं दार उघडण्याआधी तीन टाळ्या. बूट दोनदा आपटायचे. कॅलेंडरचं पान बायकोनंच उलटायचं. गोदामातला माल मोजायला मी कधीच जात नव्हतो, "तुम्ही आकडे पाठवा, मी बघतो." त्यात एकदा 40 डझन टॉवेलांची तफावत मार्चपर्यंत तशीच राहिली. बोलणी गोदामातल्या पोरानं खाल्ली आणि मी खाली मान घालून व्हाउचर चाळत बसलो. पालीपेक्षा ते जास्त सलतं.

डोकंही वेगळंच चालतं. कुठंही शिरलो की माणसांआधी मला छत दिसतं. साखर पेठेतल्या एका लग्नात नवरीची साडी कुठल्या रंगाची होती, आठवत नाही. ट्यूबलाइटमागे दोन होत्या आणि फोटोच्या फ्रेममागे एक, हे पक्कं आठवतं. आणि घरातली पाल विषारी नसते, हे मला तुमच्याइतकंच माहीत आहे. शेपूट का टाकते, तळव्यांवरच्या अतिसूक्ष्म केसांमुळे भिंतीला कशी चिकटते, सगळं वाचून काढलंय (फोटो हातानं झाकून). पण वाचलेलं एका खणात आणि भीती दुसऱ्या. दोघांची भेटच होत नाही. दुसऱ्या खणाचं म्हणणं एकच: पडली तर तुझ्याच अंगावर पडणार. मराठीत तर शंकेचीसुद्धा पालच चुकचुकते. भाषेतही सुटका नाही.

शेजारच्या तेलुगू आजींनी उपाय सांगितला होता. कांचीपुरमला वरदराज पेरुमाळाच्या देवळात सोन्या-चांदीची 'बल्ली', म्हणजे पाल, आहे, तिला हात लावून या, दोष जातो. हात लावून! मी लांबूनच आजींना नमस्कार केला.

मग गेल्या वर्षी एके सकाळी माझ्या सात वर्षांच्या मुलीनं बाथरूमच्या दारासमोर उभं राहून तीन टाळ्या वाजवल्या. तिला पालीचं कधीच काही वाटलं नव्हतं. का गं, विचारलं तर म्हणाली, "असंच करायचं असतं ना पप्पा?"

त्याच आठवड्यात समुपदेशक बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, दरवेळी पळून गेल्यावर जे हायसं वाटतं ना, तेच तुम्हाला पुन्हा पळायला शिकवतं. हिशेबवाल्याला हे लगेच कळलं: इतकी वर्षं मी नुसतं व्याज भरत होतो, मुद्दल जिथल्या तिथं. त्यांनी पीटरची गोष्ट सांगितली. मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 साली लिहून ठेवलेली. जेमतेम तीन वर्षांचं पोर, सशाला घाबरायचं. तो आवडीचं काही खात असताना ससा हळूहळू जवळ आणत गेले. शेवटी पोरगं सशाशी खेळायला लागलं. मी विचारलं, मला काय खायला देणार? बाई हसल्या नाहीत.

माझी शिडी अशी ठरली, शंभरपैकी भीतीला किती गुण ते लिहून: 'पाल' हा शब्द कागदावर लिहायचा, 15. फोटो, 40. व्हिडिओ, 60. दहा फुटांवरून खरी पाल बघत बसायचं, 90. अट एकच, भीती उतरायच्या आत उठायचं नाही. पहिल्यांदा 90 चे 50 व्हायला 35 मिनिटं लागली. तेवढ्यात तिनं चार किडे खाल्ले. मी मोजले, दुसरं करणार काय?

काल रात्री गादी खांद्यावर घेऊन जिन्यात गेलो. ती होती, बल्बच्या वरच. 55. मागून मुलगी उशी घेऊन येत होती. हळूच म्हणाली, "पप्पा, टाळी वाजवू?"

"नको."

मग दोघं पायरीवरच बसलो, गादी मांडीवर. वरून बायकोची हाक आली, "अहो, येताय ना?"

"आलोच, पाच मिनिटं."

पंचवीस लागली.